जांभळ्या गाठीचा गाऊन

४ जानेवारी

प्रिय मुंगी,

हे पत्र गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या ऑगस्ट महिन्याच्या पाठीवर लिहिते आहे. कागद जाड आहे, पाठ कोरी आहे आणि ऑगस्ट परत वापरता येत नाही. फोन करू नको. फोनवर तू तिसऱ्या वाक्याला ‘बरं आत्या’ म्हणतेस आणि विषय संपतो. पत्राला उत्तर द्यावं लागतं.

वाढदिवसाला पाठवलेला गाऊन मिळाला. आभार. आता आभार संपले.

माझा जुना गाऊन अकरा वर्षांचा आहे. कोपराला ठिगळ आहे, त्या ठिगळालाही ठिगळ आहे, आणि तो इतका मऊ झाला आहे की अंगात आहे की नाही ते चाचपून पाहावं लागतं. तुला पृथ्वी वाचवायची होती, तर मला हा नवा गाऊन न पाठवता ती जास्त वाचली असती. तुझं दुकान म्हणे सचोटीच्या खरेदीचं. बाई गं, सगळ्यात सचोटीची खरेदी म्हणजे न केलेली खरेदी. पण तशी पाटी लावून दुकान चालत नाही, हे मला कळतं.

त्या लेबलाबद्दल. ‘आमच्या शिवणघरात प्रत्येकीचा स्वतःचा रंग आहे. हा गाऊन जांभळ्या धाग्याने शिवला. शिवणीच्या टोकाची जांभळी गाठ शोधा आणि तिला मनोमन धन्यवाद द्या.’ मी अडुसष्ट वर्षांची आहे. मनोमन काय करायचं ते मला लेबलाने सांगू नये. किंमत तू काळ्या शाईने खोडली होतीस. खिडकीत धरली की दिसते.

गाऊन उलटा करून पाहिला. मी कुठलाही कपडा आधी उलटा करते. शाळेत शिवणाच्या सिस्टरच्या हाताखाली आठ वर्षं काढली आहेत, तेव्हा मला शिवणातलं शिकवायला येऊ नको. आत दोन्ही कुशींना दोन-दोन बोटं कापड नुसतं पडून आहे. कुणाला दिसत नाही, कशाला लागत नाही. आणि वर छापता, ‘आम्ही काहीही वाया घालवत नाही.’

तुझी चिठ्ठी ज्या कागदावर होती तो पेरला की फुलं येतात, असं त्याच्या कोपऱ्यात लिहिलं आहे. कुंडीत पेरला आहे. बघू.

सोबत तुला चष्म्याचं घर पाठवते. मी हाताने शिवलं. घरातल्याच कापडाचं आहे, एक पैसा खर्च नाही. त्याला लेबल नाही.

तुझी
आत्या

*

१३ जानेवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र दुकानात उभ्याउभ्या वाचलं आणि हसताना माझ्या हातून साबणाची बरणी पडली. काचेची होती. प्लास्टिकची असती तर फुटली नसती, हे तू म्हणायच्या आत मीच म्हणते.

चष्म्याचं घर फार आवडलं. निळ्या रेघा किती सुंदर जुळवल्या आहेस. टाके जरा वाकडे आहेत, पण म्हणूनच माणसाच्या हातचे वाटतात. रोज वापरते.

आता भांडण. आत्या, तू बाजाराच्या टोकाला त्या टेबलावरच्या ढिगातून मोजे घेतेस ना, एकाच्या पैशांत सहा जोड मिळतात ते? ते कुणी विणले? किती वाजेपर्यंत बसून? तिला बाथरूमला जायची मुभा होती का? तुला माहीत नाही, कारण त्या मोज्यांना लेबल नाही. लेबलाची तू थट्टा करतेस, पण ते नसलं की माणूस दिसतच नाही. तू काटकसर करतेस तेव्हा उरलेला खर्च संपत नाही गं, तो तुला न दिसणाऱ्या कुणाच्या तरी अंगावर पडतो.

माझ्याकडे कापडी पिशव्या चार आहेत आणि बाजारात जाताना चारही घरी राहतात, हे मान्य. तू विचारायच्या आधी कबूल केलेलं बरं.

गाऊन घाल. ठेवून देऊ नको. तू चांगल्या वस्तू ‘कधीतरी’साठी ठेवतेस आणि मग कपाटच नेसून बसतं. आणि काय वाटलं ते लिही. आम्ही दर सोमवारी मीटिंगमध्ये गिऱ्हाइकांची पत्रं वाचतो. बहुतेकांची ‘छान’ एवढीच असतात.

तुझी
मुंगी

*

२९ जानेवारी

प्रिय मुंगी,

मोज्यांबद्दल तू लिहिलंस ते लागलं. म्हणून त्याचं उत्तर देत नाही.

गाऊन घातला. तुझ्या आग्रहाखातर रोजच्या वापरात काढला. काल सकाळी पाण्याचं मीटर वाचायला माणूस आला. मीटर स्वयंपाकघरात, टॉर्च फळीवरच्या डब्यात. मी हात वर केला आणि काखेपासून कमरेपर्यंत गाऊन असा उघडला, जसं कुणी पाकीट फोडावं. तो माणूस सभ्य निघाला. मीटर सोडून भिंतीकडे पाहत राहिला आणि भिंतीवर जे दिसलं तो आकडा लिहून गेला. आता बिल काय येईल ते येवो.

मोजे मात्र शाबूत आहेत.

सोबत रीतसर तक्रार जोडली आहे. तुला ठाऊक आहे, मी एकतीस वर्षं पाणी खात्याच्या तक्रार विभागात काढली. लोकांना रडता येतं, ओरडता येतं, पण तक्रार करता येत नाही, हे मी रोज पाहिलं आहे. माझी वाच म्हणजे तक्रार कशी असते ते कळेल. तिच्यासाठी नवा कोरा कागद काढला आहे, यावरून राग किती ते ओळख.

कुंडीत काही नाही.

आत्या

(सोबतचा कागद)

विषय: सुती गाऊन, निळ्या बारीक रेघांचा, जांभळ्या धाग्याने शिवलेला.

१. वरील गाऊन नऊ वेळा घातला व दोनदा थंड पाण्यात धुतला.
२. अठ्ठावीस जानेवारीला तो उजव्या कुशीला पूर्ण उसवला. डावी कूस त्याच वाटेवर आहे.
३. गाऊनला मी सुईसुद्धा लावलेली नाही.
४. आपण लेबलावर शिवणारीची ओळख करून दिली आहे व धन्यवाद देण्यास सांगितले आहे. त्याच ओळखीच्या आधारे तिला कळवावे की शिवण ही दोन कापडांना धरून ठेवण्यासाठी असते, त्यांची नुसती गाठ घालून देण्यासाठी नसते.
५. जांभळा रंग मला आधीपासूनच आवडत नव्हता.

*

१९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

उत्तराला उशीर झाला, रागावू नको. दुकानात माल मोजायचं काम होतं.

तुझी तक्रार म्हणजे कहर आहे. इथे सगळे पोट धरून हसले. तो मीटरवाला तर मला स्वप्नात दिसला.

तुला दुसरा गाऊन पाठवते आहे. तशाच रेघांचा, पण हिरव्या धाग्याचा. जांभळी सध्या मशीनवर नसते, हंगामामुळे तिला घड्या घालायच्या टेबलावर घेतलं आहे. जुना गाऊन परत पाठवायची गरज नाही, आम्ही तशी विचारणा करत नाही. गिऱ्हाइकावर विश्वास हे आमचं तत्त्व आहे.

इकडे थंडी कमी झाली. तुझे गुडघे कसे आहेत?

मुंगी

*

२४ फेब्रुवारी

मुंगी,

हिरव्या धाग्याचा गाऊन आला. तो न उघडता तसाच परत पाठवते आहे.

एकतीस वर्षं मी खालून वर आलेली पत्रं वाचली आणि वरून खाली गेलेली लिहिली. ‘सध्या’ हा शब्द आमच्या खात्यात कधी वापरायचा ते मला माहीत आहे. ‘सध्या पाणी येणार नाही’ म्हणजे पाइप फुटला आहे. ‘हंगामामुळे’ म्हणजे कुणाचं तरी नाव घ्यायचं नाही. आणि तू लहानपणापासून काही लपवायचं असलं की माझ्या गुडघ्यांची चौकशी करतेस. सात वर्षांची असताना माझी फुलदाणी फोडून तू मला विचारलं होतंस, ‘आत्या, तुझे गुडघे दुखतात का?’

‘सगळे हसले’ म्हणजे कोण सगळे? मी ते पत्र तुला लिहिलं होतं.

आणि जांभळी मशीनवरून का उठली?

हे पत्र सप्टेंबरच्या पाठीवर आहे. उत्तर साध्या कागदावर दिलंस तरी चालेल, पण खरं दे.

आत्या

*

४ मार्च

प्रिय आत्या,

खरं लिहिते.

तुझी तक्रार मी सोमवारच्या मीटिंगमध्ये मोठ्याने वाचून दाखवली. मला वाटलं, सगळ्यांना मजा येईल. आली. मग मीच ती भिंतीवर टाचणीने लावली, चहाच्या कपांच्या वर. आत्या, मला तुझा अभिमान वाटत होता. असं लिहिणारी आत्या इतर कुणाला नाही.

दुसऱ्या दिवशी संचालक बाई आल्या. चहा ओतता ओतता त्यांनी वाचली आणि त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘तारीख आहे, धुण्याची नोंद आहे, रंग दिलेला आहे. म्हणजे जबाबदारी निश्चित होते.’ त्याच संध्याकाळी जांभळीला मशीनवरून काढून घड्या घालायला बसवलं. तिथला पगार कमी आहे. आणि तिथे तिसऱ्या बाईची गरजच नाही, म्हणून महिनाअखेरीला तिला ठेवायचं की नाही ते ठरणार आहे.

मी म्हटलं, ‘ती सहा वर्षं शिवते आहे, एकही गाऊन परत आलेला नाही.’ बाई म्हणाल्या, ‘लेबलावर आपण तिचा हात दाखवतो. तो हात चुकला तर तेही आपल्यालाच पाहावं लागतं.’ माणूस दिसावं म्हणून आपण लेबल लावतो, हे मीच तुला ऐटीत लिहिलं होतं. दिसलं खरं. आणि दिसल्याबरोबर आपण काय केलं बघ. तुझे मोजे विणणारीला निदान कुणी शोधू शकत नाही.

तक्रार भिंतीवरून काढली आहे. सोबत परत पाठवते. मला ती जवळ ठेवता येत नाही.

दहा तारखेला मी शिवणघरात जाणार आहे, तिला भेटायला. तिला काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.

तुझे गुडघे मी विचारत नाही.

मुंगी

*

१२ मार्च

बाईंना नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी जांभळा धागा.

परवा तुमच्या भाचीताई इथे आल्या होत्या. माझी माफी मागत होत्या आणि मधेच रडायला लागल्या, म्हणून चष्मा काढला आणि चष्म्याच्या घरातून रुमालाचा तुकडा काढला. ते घर त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं, आत्याने हाताने शिवलंय म्हणाल्या. निळ्या रेघांचं.

बाई, मी सहा वर्षं तेच कापड शिवते. घर हातात घेतलं आणि सवयीने उलटं केलं. आतल्या बाजूला माझी दुसरी शिवण होती आणि तिच्या टोकाला माझी गाठ. तुम्ही ती उसवली नाही, तशीच आत गेली. तुम्हाला दिसली नसेल. चष्म्याचं घर शिवताना चष्मा लावला नव्हता का?

मी गाऊनला दुहेरी शिवण मारते. एक बाहेरची, एक आतल्या कडेची. आतली कापली की बाहेरचीला धरायला काही राहत नाही. दोनदा धुतला की सूत निघतं आणि हात वर केला की जातो. तसंच झालं असणार.

ताईंना मी काही बोलले नाही. त्या तुमच्याबद्दल फार बोलतात. संचालक बाईंनाही सांगितलं नाही. मी सांगितलं तर म्हणतील, स्वतःची चूक झाकायला म्हाताऱ्या बाईवर ढकलते. तुम्ही सांगितलंत तर वेगळं. सांगायचं की नाही ते तुम्ही बघा. महिना संपायला एकोणीस दिवस आहेत म्हणून लिहिलं, नाहीतर लिहिलं नसतं.

एक गोष्ट राहिली. ते आतलं कापड वाया जात नाही. नियम एका बोटाचा आहे, मी दोन बोटं सोडते. माणूस जाड होतं, कपडा आटतो. आत कापड असलं की उसवून सैल करता येतो आणि गाऊन दहा वर्षं जातो. दुसरा विकत घ्यावा लागत नाही. हे कृपा करून दुकानात सांगू नका.

पुढच्या वेळी कापायचंच झालं तर एक बोट ठेवून कापा.

जांभळा धागा

*

१५ मार्च

प्रिय मुंगी,

हे पत्र छोटं आहे. खरं पत्र सोबतच्या कागदावर आहे.

मी कोऱ्या कागदावर तक्रार लिहिली, तेव्हापासून त्याची पाठ मोकळी राहिल्याचं मला सलत होतं. आता ती वापरली आहे. येत्या सोमवारी मीटिंगमध्ये उभी राहून वाच, आधी ज्या आवाजात वाचलीस त्याच आवाजात. हसले तर हसू दे. नंतर भिंतीवर लाव, चहाच्या कपांच्या वर, जिथे संचालक बाईंची नजर जाते तिथे. पण कागदाला दोन बाजू आहेत आणि भिंत एकच बाजू दाखवते. तेवढं तू बघ.

तू मला विचारशील, तुला माहीत होतं का? ‘तेव्हा कात्रीचं मनात आलंच नाही’ असं लिहिणार होते. आलं होतं. तिसरा मुद्दा लिहिताना आलं होतं. म्हणूनच तो तसा लिहिला.

आत्या

(कागदाच्या पाठीवर)

विषय: पलीकडच्या बाजूची तक्रार.

१. ती मागे घेते. ती खोटी नाही, पण अर्धी आहे, आणि अर्धी तक्रार खोटीपेक्षा वाईट, कारण ती तपासताना खरी निघते.

२. गाऊनला मी सुई लावली नव्हती हे खरं. कात्री लावली होती. आतल्या बाजूचं कापड मला रिकामं पडून असलेलं दिसलं. ज्या कुठल्या वस्तूचा उपयोग मला कळत नाही ती वाया गेलेली, असं मी धरून चालते. या समजावर मी घर चालवलं आणि बहुतेक वेळा ते बरं चाललं. ते कापड मी दोन्ही कुशींना शिवणीपासून सुताएवढं ठेवून कापून घेतलं आणि त्याचं चष्म्याचं घर शिवलं. ते हे वाचून दाखवणारीच्या पर्समध्ये आहे. तिने ते आत्ता सगळ्यांसमोर उलटं करावं. आत जांभळी गाठ आहे.

३. शिवणाच्या सिस्टरच्या हाताखाली मी आठ वर्षं काढली, असं मी भाचीला लिहिलं. ते खरं आहे. शेवटच्या वर्षी त्यांनी मला पन्नासपैकी एकोणीस गुण दिले हे लिहिलं नाही. त्यातले पाच टेबल स्वच्छ ठेवल्याबद्दल होते.

४. एकतीस वर्षं मी तक्रारी हाताळल्या. तक्रार जिन्यावरून खाली येते आणि ज्याला खाली उतरायला पायरीच उरलेली नसते त्याच्यापाशी थांबते. मी हे रोज पाहत होते. तरी ‘जांभळा’ हा शब्द मी लिहिला, कारण तो लेबलावर छापलेला होता आणि वाक्यात बरा दिसत होता. लेबलावर तुम्ही बाईचा हात दाखवता, चांगलं करता. पण उद्या असला कागद आला तर तो आधी तिला दाखवा. तिने गाऊन एकदा उलटा केला असता तर दोन मिनिटांत सगळं कळलं असतं.

५. शिवणीत काहीही दोष नव्हता. संचालक बाईंना पुरावा हवा असेल तर गाऊन माझ्याकडे आहे, मी तो घालून येईन आणि हात वर करून दाखवीन.

६. जांभळ्या रंगाविषयीचं मत मागे घेते.

*

२४ मार्च

प्रिय आत्या,

वाचलं. त्याच आवाजात वाचायचं ठरवलं होतं, पण दुसऱ्या मुद्द्यावर आवाज माझा राहिला नाही. घर उलटं केलं. गाठ आत होती. इतके दिवस मी ती चष्म्यासोबत सगळीकडे नेत होते.

कुणी हसलं नाही. ‘टेबल स्वच्छ ठेवल्याबद्दल’ इथे मात्र हिशेबनीस हसला आणि मग त्याला थांबता येईना, मग सगळेच. संचालक बाईंनी कागद मागून घेतला, दोन्हीकडून वाचला आणि विचारलं, ‘या बाई खरंच गाऊन घालून येतील का?’ मी म्हटलं, ‘येतील.’ त्या म्हणाल्या, ‘मग नको.’

जांभळी मंगळवारी मशीनवर परत गेली. मधल्या दिवसांचा पगार पूर्ण मिळणार. तक्रार आली की आधी शिवणारीला दाखवायची, हा नियम झाला आहे. मी तो माझ्या हाताने लिहिला, म्हणून त्यात ‘सध्या’ हा शब्द नाही.

कागद भिंतीवर लावला नाही. दिव्याच्या वायरला चिमटा लावून टांगला आहे. वारा आला की फिरतो. चहा घेताना कधी तक्रार समोर येते, कधी पाठ.

मला एक सांग. मी तुला चुकीचं तर लिहिलं नव्हतं ना, मोज्यांचं?

मुंगी

*

५ एप्रिल

प्रिय मुंगी,

मोज्यांचं बरोबर होतं. यापुढे मोजे तुझ्या दुकानातून घेईन. पण जे आहेत ते आधी विरू देत. ज्या बाईने ते विणले तिचं नाव मला कळणार नाही, निदान तिचं काम तरी अर्ध्यात फेकून देणार नाही. तू पाचवी पिशवी घेऊ नको. म्हणजे आपण दोघी जवळपास एकाच जागी येऊ. मी माझ्या बाजूने, तू तुझ्या.

कुंडीत कोंब आला आहे. तुझ्या कागदातला नाही. मी खत म्हणून टाकलेल्या सालींतला टोमॅटो आहे.

आता मुद्द्याचं. चष्म्याचं घर परत आलं, पोचलं. ते मी मधे कार्ड टाकून मागवलं कारण ते तुझं नव्हतं. काल दोन बस बदलून शिवणघरात गेले. गाऊन पिशवीत, घर पिशवीत, जुनी पिशवी, तुझ्यातली नाही. जांभळी मला वाटली होती त्यापेक्षा बारीक आहे आणि बोलते माझ्यापेक्षा कमी, पण टोचतं जास्त. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, ‘आधी चष्मा लावा.’

दुपारच्या सुट्टीत तिने मला शेजारी बसवलं. चष्म्याचं घर मी उसवलं, तिने करायला नकार दिला. मग ते कापड पुन्हा गाऊनच्या आत, जिथून काढलं तिथे लावलं. डावी कूस तिने शिवली, मला दाखवायला. उजवी मी. तिने मधे हात लावला नाही, फक्त दोनदा ‘हं’ म्हणाली, आणि त्या दोन्ही ठिकाणी मला उसवावं लागलं. शेवटी डाव्या शिवणीच्या टोकाला तिने जांभळी गाठ मारली. उजव्या टोकाला कुठला रंग लावू म्हणून विचारलं, तर म्हणाली, ‘तुमची शिवण आहे, तुमचा रंग निवडा. उद्या उसवली तर कुणाची ते कळायला हवं.’ मी करडा घेतला. माझ्या डब्यात तो शिल्लक होता.

गाऊन आत्ता अंगात आहे. हात वर करून पाहिला, टॉर्चही काढून पाहिला. उजव्या कुशीला जरा ओढतो, पण धरून आहे.

निघताना मी तिला सिस्टरचं सांगितलं, एकोणीस गुणांचं. तिने ते आधीच ऐकलं होतं, आता सगळ्या शिवणघराला ते माहीत आहे, तुझ्या कृपेने. तरी विचारलं, ‘आजचे किती?’

तिने गाऊन उलटा केला, उजवी कूस खिडकीत धरली, चांगला वेळ घेतला.

‘एकवीस,’ म्हणाली. ‘टेबलाचे धरले नाहीत.’

तुझी
आत्या